वाचकांचे प्रश्न: इंग्रजांनी दुष्काळात काम तरी दिलं ना?

मागच्या अंकात पैसेवारीवर (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) लिहिताना ओघात १८७६-७८ च्या दुष्काळाचा उल्लेख केला होता, दोनच ओळी होत्या, पण त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, चार प्रश्न निवडलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय.

प्रश्न: आमचं गाव नगर जिल्ह्यात, दौंड-मनमाड लाइनच्या कडेला. आजोबा सांगायचे की हा रेल्वेचा भराव दुष्काळात लोकांकडून करून घेतलाय. म्हणजे इंग्रजांनी लोकांना काम दिलं, मजुरी दिली, वर रेल्वेही झाली. मग त्या दुष्काळाचा दोष त्यांना का देतात? पाऊस काय त्यांनी थांबवला होता का? (एक शिक्षक, श्रीगोंदा तालुका)

सर, आजोबा बरोबर सांगायचे. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली आणि तिच्या मातीकामावर दुष्काळी मजूर होते. आणि पाऊस कुणी थांबवला नव्हता हेही खरंच, १८७६ चा पावसाळा दख्खनमध्ये फेल गेला, सोलापूर, नगर, पुणे, सातारा, खाली कलादगी म्हणजे आत्ताचा विजापूर-बागलकोट भाग, मद्रास, म्हैसूर, निजामाचा मुलूख, सगळीकडेच. प्रश्न आहे तो त्यानंतर सरकारनं काय केलं याचा आणि ते समजून घ्यायला आधी दोन वर्षं मागं जायला लागतं.

१८७३-७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा तिथला कारभार सर रिचर्ड टेंपल बघत होता. त्यानं ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ आणला, लोकांना वाटला, कामं काढली, आणि त्या दुष्काळात माणसं जवळजवळ मेलीच नाहीत. म्हणजे कसं वाचवायचं हे या सरकारला माहीत होतं, करून झालेलं होतं. पण त्याबद्दल शाबासकी मिळायच्या ऐवजी विलायतेत त्याच्यावर टीका झाली की एवढा खर्च कशाला केला. मग १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटननं याच टेंपलला मद्रास आणि मुंबई इलाख्यात पाठवलं, आणि यावेळी सांगून पाठवलं की खर्च आवरायचा. त्याच जानेवारीच्या एक तारखेला दिल्लीत मोठा दरबार भरला होता, व्हिक्टोरिया राणीला कैसर-ए-हिंद जाहीर करायला. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणाऱ्या आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणायचे, ते त्या दरबाराला हातानं कातलेल्या सुताचे जाडेभरडे कपडे घालून गेले होते. इकडं माणसं गावं सोडून चालली होती.

आता मजुरी. टेंपलनं ठरवलेला दर असा होता: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा (सोळा आण्यांचा रुपया), बाईला एक पौंड आणि पाव आणा, सात वर्षांवरच्या मुलाला अर्धा पौंड आणि पाव आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. हे उत्तर लिहायच्या आधी मी घरी ज्वारीचं पीठ काट्यावर मोजून घेतलं आणि बायकोला म्हटलं याच्या भाकरी थापून दे. मध्यम आकाराच्या पाच झाल्या. पाच भाकरी, दिवसभराच्या. सकाळी उठून काही मैल चालत कामावर जायचं, दिवसभर खडी फोडायची नाहीतर पाट्या उचलायच्या, परत चालत यायचं, आणि त्या अर्ध्या आण्यात मीठ, मिरची, डाळ, तेल, जळण सगळं बसवायचं, आणि घरी म्हातारं माणूस असेल, त्याचं नाव मदतीच्या यादीत आलं नसेल, तर त्याचाही घास याच पाच भाकरीतून काढायचा. ताटात त्या पाच भाकरी एकावर एक ठेवल्यावर मला काही सुचेना, खरं सांगतो. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश हे सरकारचेच माणूस, त्यांनी त्याच वेळी ओरडून सांगितलं होतं की तुरुंगात कष्टाची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला यापेक्षा जास्त अन्न मिळतं. त्यांच्या ओरडण्यामुळे मद्रासला काही महिन्यांनी दर वाढवला गेला.

आणि नुसता दर कमी केला असंही नाही. लोक खरंच गरजू आहेत की फुकटचं खायला आलेत हे ओळखायला परीक्षा ठेवल्या होत्या. काम जड पाहिजे, काम गावापासून लांब पाहिजे, दहा मैलांवर, म्हणजे घर सोडून तिथंच राहायला लागेल असं, आणि मजुरी एवढी कमी पाहिजे की दुसरा काही मार्ग असलेला माणूस येणारच नाही. कागदावर हे पटण्यासारखं दिसतं. पण जरा विचार करा, दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर कोण चालू शकेल? ज्याच्या अंगात अजून जीव आहे तो. जो महिनाभर उपाशी आहे, जिच्या कडेवर तान्हं पोर आहे, ज्याला ताप आहे, तो गावातच राहिला, आणि सरकारी हिशोबात तो गरजू नव्हता, कारण तो कामावर आलाच नाही.

तुमच्या प्रश्नातलं "काम दिलं" हे इथं तपासायला लागतं सर. आपल्या लोकांनी त्याच वेळी ते तपासलं होतं हे फार थोड्यांना माहिती असतं. १८७७ च्या जानेवारीत मुंबई इलाख्यात कमी मजुरी आणि लांबच्या कामांचा हुकूम आल्यावर लोकांनी कामं सोडली. दोन महिन्यांत लाखाच्या वर मजूर काम टाकून निघून गेले. याला संप नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? आणि हे करणारे कोण, तर ज्यांच्या चुलीत राख नाही असे शेतकरी, शेतमजूर, त्यांच्या बायका. सरकारी अधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ काय काढला, की बघा, काम सोडून जाता येतंय म्हणजे हे उपाशी नाहीत. सार्वजनिक सभेनं तेव्हा जे काम केलं त्याला तोड नाही, सोलापूर, नगर, सातारा, कलादगी इथल्या माणसांकडून गावोगावची माहिती मागवायची, कुठं किती लोक काम सोडून गेले, कुठं गुरं मेली, कुठं धान्याचे काय भाव आहेत, ते सगळं नीट मांडून सरकारला पाठवायचं, आणि हे सारखं, पुन्हा पुन्हा. न्यायमूर्ती रानडे या सगळ्याच्या मागे होते. काका आणि रानड्यांनी भाषणं केली म्हणून आपण त्यांना ओळखतो, मला त्यांचं हे आकडे गोळा करायचं काम जास्त मोठं वाटतं.

धान्याचं पण सांगतो, कारण बरेच जण विचारतात की तेव्हा धान्यच नव्हतं का. होतं. सोलापूरपर्यंत रेल्वे १८६० पासून होती, व्यापारी बाहेरून धान्य आणत होते. पण भाव असे चढलेले की घेणार कोण, आणि लिटनचं धोरण पक्कं होतं की धान्याच्या भावात सरकारनं हात घालायचा नाही, बाजार आपोआप करेल. देशातून बाहेर जाणारं धान्यही थांबवलं नाही. शेतसाराही माफ झाला नाही, बहुतेक ठिकाणी फक्त तहकूब झाला, म्हणजे पुढच्या वर्षी थोडं पिकलं की मागची बाकी आणि चालू दोन्ही भरा. मग माणूस सावकाराकडे जाणार नाही तर कुठं जाणार. सुप्याचा दंगा १८७५ च्या मे मधला, म्हणजे दुष्काळाच्या वर्षभर आधीच पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले होते, तो माणूस आधीच कर्जात बुडालेला होता आणि त्यावर हा दुष्काळ आला. पुढे १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दल वेगळा कायदा करावा लागला.

परिणाम किती? ब्रिटिश मुलखात मिळून ५० लाखांच्या वर माणसं गेली असं धरलं जातं. १८७२ आणि १८८१ ची शिरगणती शेजारी ठेवली तर सोलापूर आणि कलादगी जिल्ह्यात जवळजवळ पाचवा हिस्सा लोक कमी भरतात. सगळे मेले असं नाही, कित्येक जण निजामाच्या मुलखात, वऱ्हाडात निघून गेले आणि काही परत आले नाहीत. शिवाय १८७७ ला पाऊस परत आल्यावर तापानं फार माणसं गेली, अंगात ताकदच उरलेली नव्हती. तुमच्या गावाजवळचा तो भराव आहे ना सर, पोरांना एकदा घेऊन जा तिथं, आणि हे पाच भाकरीचं सांगा.

प्रश्न: आम्ही पद्मसाळी, सोलापूरचे. पणजोबांबद्दल घरात एक गोष्ट सांगतात की दुष्काळात त्यांना खडी फोडायला जावं लागलं आणि त्यानंतर त्यांना मागावर बसता येईना. असं होऊ शकतं का? (सोलापूर)

होऊ शकतं काय, झालंय. खडी फोडून हात असे जाड होतात, बोटं फुगतात, सालपटं निघतात की बारीक सूत बोटाला जाणवत नाही, तुटलेला धागा गाठायला येत नाही. विणकराचं सगळं भांडवल त्याच्या बोटात. तुमचे पणजोबा असतील तर बहुतेक १८९६-९७ चा दुष्काळ असेल, वयाचा हिशोब करून बघा. शेतकऱ्याला निदान पाऊस पडला की परत शेत आहे, पण साळी, कोष्टी, पद्मसाळी, मोमीन यांचं तसं नव्हतं. दुष्काळात लोक आधी कापड घ्यायचं बंद करतात, म्हणजे शेतकऱ्याच्याही आधी विणकराची चूल विझते, आणि सरकारच्या नियमात त्याला एकच मदत होती, जा आणि खडी फोड.

१८९६ च्या शेवटी टिळक स्वतः सोलापूरला आले होते, तुमच्या गावात. त्यांनी व्यापाऱ्यांशी बोलून योजना बसवली की व्यापारी आणि सरकार मिळून विणकरांना त्यांच्या मागावरच काम द्यायचं, म्हणजे हातही वाचेल आणि पोटही. मुंबई सरकारनं नाही म्हटलं. मला सगळ्या दुष्काळाच्या कारभारात ही गोष्ट फार लागते कारण यात पैशाचा मोठा प्रश्नच नव्हता, खडी फोडायलाही मजुरी द्यावीच लागत होती की. पण कष्टाची परीक्षा हाच नियम होता आणि घरी मागावर बसून काम करणं म्हणजे परीक्षा नाही असं त्यांना वाटत होतं.

आणखी एक, तेव्हा दुष्काळ-संहिता होती. १८७६-७८ नंतर कमिशन बसलं, १८८० ला त्याचा अहवाल आला आणि त्यातून हे नियमांचं पुस्तक तयार झालं, त्यात रयतेला काय मिळालं पाहिजे हे लिहिलेलं होतं, सारा कधी तहकूब करायचा, कधी सूट द्यायची. टिळकांनी आणि सार्वजनिक सभेच्या लोकांनी १८९६-९७ मध्ये एवढंच केलं की ते नियम मराठीत समजावून गावोगाव सांगितले, केसरीत लिहिलं की तुमचा हक्क आहे, मागा. सरकारचाच नियम सरकारच्या रयतेला सांगितला. त्यावर १८९७ मध्ये सरकारनं सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली, की यापुढे तुमचे अर्ज आम्ही बघणार नाही. त्याच वर्षी पुण्यात प्लेग, घरं तपासणं, रँडचा खून, ते सगळं वेगळ्या अंकाला घेऊ.

प्रश्न: दुष्काळात जात बाजूला पडली होती का? सगळेच उपाशी म्हटल्यावर? (कॉलेज विद्यार्थिनी, पुणे)

नाही पडली. भूक सगळ्यांना लागते पण भुकेपर्यंत पोचायला प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. ज्याच्या घरात तांब्याची भांडी आणि दोन दागिने आहेत तो ते मोडून तीन महिने काढतो. गावातल्या महार-मांग वस्तीत मोडायला काय होतं? त्यांचं पोट गावाच्या खळ्यावर, बलुत्यावर, आणि खळंच नाही लागलं तर बलुतं कुठलं. म्हणून दुष्काळी कामावर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त दिवस हीच माणसं दिसतात.

जोतीराव फुल्यांचं काम इथं सांगायलाच हवं. १८७७ च्या मे मध्ये त्यांनी सत्यशोधक समाजाच्या वतीनं लोकांना मदतीचं आवाहन केलं आणि धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी जेवणाची सोय उभी केली. सावित्रीबाई त्यात होत्या. तुम्ही पुण्यातच आहात, धनकवडी आज बसनं अर्ध्या तासावर. दुसरीकडे नगर जिल्ह्यात मिशनऱ्यांनी धान्य वाटलं, मुलांना ठेवून घेतलं, आणि त्या वर्षांत आणि नंतर महार-मांग समाजातून मोठ्या संख्येनं लोक ख्रिस्ती झाले, आज नगर भागात जी जुनी ख्रिस्ती मराठी कुटुंबं आहेत त्यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात तिथली. काही जण याला धान्यासाठी केलेलं धर्मांतर म्हणून हिणवतात, मला ते अजिबात पटत नाही. ज्या गावानं पाणवठ्यावर येऊ दिलं नाही ते गाव दुष्काळात पण आलं नाही आणि दुसरं कुणीतरी आलं, शाळेत बसवलं, मग माणूस कुणाचा हात धरेल? पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातमधून दुष्काळात सापडलेल्या मुली आणि विधवा केडगावला आणल्या, कारण अशा मुली रस्त्यावर पडल्या की त्यांना उचलून नेणारे दलाल टपलेले असायचे. हा भाग सरकारी दुष्काळ-अहवालात शोधला तर फार थोडा सापडतो, तिथं बाई म्हणजे पाव आणा कमी मजुरीचा एक रकाना.

प्रश्न: वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड दुष्काळामुळे झालं असं वाचलं. ते तर सरकारी नोकरीत होते ना? आणि जाता जाता, रोजगार हमी इंग्रजांच्या दुष्काळी कामाचीच कॉपी आहे का? (बार्शी)

दोन प्रश्न विचारलेत, दोन्ही घेतो. फडके पुण्यात लष्करी हिशोब खात्यात क्लार्क होते हे बरोबर. पण दुष्काळात ते स्वतः फिरले, गावं बघितली, आणि ते बघून माणूस बदलला. १८७९ च्या फेब्रुवारीत धामारीपासून बंड सुरू झालं, बरोबर रामोशी होते. रामोशांकडे पूर्वी गावाची, किल्ल्यांची राखण होती, ती गेली आणि वर हा दुष्काळ. फडक्यांच्या जाहीरनाम्यातल्या मागण्या वाचल्या तर त्या दुष्काळाच्याच आहेत, रयतेला कामं काढा, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार कमी करा. आणि ज्या गव्हर्नरच्या डोक्यावर त्यांनी बक्षीस लावलं तो गव्हर्नर कोण होता? १८७७ च्या मे पासून मुंबईचा गव्हर्नर झालेला तोच रिचर्ड टेंपल, एक पौंड धान्यवाला. फडके जुलै १८७९ मध्ये पकडले गेले आणि १८८३ ला एडनच्या तुरुंगात वारले.

रोजगार हमीबद्दल, कॉपी म्हणता येणार नाही पण नातं आहे. दुष्काळ जाहीर करायची पद्धत, आणेवारी जिला आता पैसेवारी म्हणतो, हजेरी मांडणं, मुकादम, खडी आणि मातीकाम, हे सगळं त्या जुन्या संहितेच्या वाटेनं आलंय. बाहत्तरच्या दुष्काळात माझी आजी पाझर तलावाच्या कामावर होती, ती सुकडी आणि लाल मिलो ज्वारीची गोष्ट सांगायची, आणि हेही सांगायची की संध्याकाळी मुकादम काठीनं खड्डा मोजायचा आणि चार बोटं कमी भरला तर मजुरी कापायचा. ती काठी जुनीच. पण एक गोष्ट उलटी झाली आणि ती आपल्या लोकांनी केली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ ला तासगाव तालुक्यात प्रयोग करून बघितला, बाहत्तरला योजना राज्यभर आली, १९७७ ला कायदा झाला, आणि त्यात काम हा मागणाऱ्याचा हक्क झाला. टेंपलच्या नियमात काम मुद्दाम दहा मैल लांब ठेवायचे म्हणजे लोक येऊ नयेत. मनरेगात, म्हणजे केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यायचं, त्याच्या बाहेर दिलं तर दहा टक्के जास्त मजुरी द्यायची असा नियम केला. तुमच्या भागात कुणाला लांबचं काम दिलं असेल आणि ते दहा टक्के मिळाले नसतील तर कामाची मागणी केल्याची तारीख असलेली पोचपावती जपून ठेवा आणि ग्रामपंचायतीत लेखी मागा, तोंडी नको.